माया

डावीकडं चौदा, उजवीकडं तेरा.
मगदूम मॅडम पडद्यावर मोजत गेल्या
आणि मोजता मोजता त्यांचा आवाज उतरत गेला.
मी मात्र खूश.
आमच्यात जास्तीला कुणी नाव ठेवत नाही,
पांढरा रस्सा असो की उसाचा दर.

"इथं जास्तीचीच भीती, वरदा," त्या म्हणाल्या.
"रक्तातलं पाणी पाझरून पोटात साठतं.
रक्त दाट होतं, दम लागतो, लघवी आटते."
शेवटची सुई त्यांनी बदलली,
लवकर ओसरणारी दिली.
"बीजं काढू. गर्भही करू.
पण या महिन्यात आत ठेवायचा नाही. गोठवू."

गोठवू.
भिशीचा नंबर अदलाबदल करून आलो होतो आम्ही,
या महिन्यासाठी.

शियेच्या गुऱ्हाळावर आबा गुळव्या होते.
फेस काहिलीच्या कडेला आला
की ते ओरडायचे नाहीत.
चुलवणापुढच्या गड्याला नुसता तळहात दाखवायचे:
थांब.
मॅडमनी तसाच हात धरला होता टेबलावर,
आणि मला तो तेव्हा ओळखू आला नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "मग बाळ कुठं हाय?"
"लॅबमध्ये. थंडीत."
"आणि लाइट गेली तर?"
राजारामपुरीत लाइट जाते, हे खरंच आहे.
दुसऱ्या दिवशी मी मॅडमना तेच विचारलं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
नायट्रोजनला लाइट लागत नाही, सांगा त्यांना.

बीजं काढल्यावर रोज सकाळी, चहाच्या आधी,
वजन. मग पोट.
दिग्विजय गळ्यातली टेप काढायचा,
बेंबीवरून फिरवायचा, श्वास सोड म्हणायचा,
जसं गिऱ्हाइकाला म्हणतो.
आणि दुकानाच्याच वहीत लिहायचा,
चौगुले सरांची सफारी आणि बँड पथकाचे अकरा कोट
यांच्या मधे:
वरदा. साडेतीस.
एकतीस.
बत्तीस. त्या रात्री तो झोपला नाही,
दर तासाला विचारत होता, लघवी झाली का गं,
आणि अंधारात आम्ही दोघं
या प्रश्नाला पहिल्यांदा हसलो.
पहाटे फोन केला. मॅडम म्हणाल्या, या, बघू.
बघितलं. थोडं पाणी होतं. फार नव्हतं.
परत बत्तीस.
साडेएकतीस.

नवव्या दिवशी पाळी आली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी त्या डागाकडं बघून रडले नाही.
साडेतीस, त्यानं लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

दुपारी डबा घेऊन पापाच्या तिकटीला गेले
तर तो कापड कापत होता,
खडूच्या रेघेबाहेर दोन बोटं सोडून.
समोरचं गिऱ्हाईक कुरकुरत होतं,
एवढं कापड आत कशाला दडवताय?

"माया हाय ती," तो म्हणाला,
कात्री न थांबवता.
"पुढं लागती."