दोनास एक

धोपाव्याच्या जेटीवर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, पॅनकार्ड, लाइटबिल, आधारवरचा पत्ता बदलून मिळेल.
यासीनचाचा सोलकर फेरीबोटीतून उतरून थेट इथेच आले
आणि टेबलावर दोन कार्डं टाकली, हुकूम टाकावा तशी.
निळं जुनं, कोपरा झिजलेला.
तांबडं परवाच पोस्टाने आलेलं, रिकामं.

"कंपन्यांचं लग्न झालं गो.
आता माझे मैल या घरातून त्या घरात न्यायचे.
एकतीस तारखेला रात्री बाराला दार बंद."

"कुठे जायचंय?"
"कुठे नाही. माझे आहेत म्हणून."

रेंज फक्त खिडकीत येते, तिथे लॅपटॉप धरला.
खातं उघडलं तसे आकडे खाली खाली उतरत गेले :
दोहा मुंबई चौदाशे सव्वीस,
मुंबई दोहा चौदाशे सव्वीस,
असे वीस वेळा.
दरवर्षी एक रजा. क्रेनवरून उतरून महिनाभर माणसांत.
मधेच एकदा, ऑगस्टात, तीनच दिवसांचं अंतर.
मी बोट थांबवलं.
"बापाची माती," चाचा म्हणाले. "तेही मोजलंय त्यांनी. बरं केलं."

बाप गलबतावर तांडेल.
शिसं बांधलेली दोरी सोडून पाणी मोजायचा.
गलबत विकलं गेलं, मालक बदलला, शीड बदललं,
पण वाव म्हणजे वाव.
इथे मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं :
दोनास एक.

मी "मान्य आहे"वर टिचकी मारली.
ओटीपी गेला दोह्याच्या नंबरावर,
जो चाचांनी निघताना विमानतळावर
सिम मोडून कचऱ्यात टाकला होता.

दहा मिनिटं. बाहेर फेरीचा भोंगा.
चाचांच्या फोनला बॅलन्स नाही, माझा घेतला,
नंबर एका दमात दाबला, न बघता.

"हॅलो?" मागे काहीतरी तळल्याचा आवाज.
"भाई, ये नंबर पहले मेरा था."
"अभी मेरा है."
"मालूम है."

मग बराच वेळ नुसतं तेल.
मी चार मिनिटं, असं बोटांनी दाखवलं.

"नाम क्या तुम्हारा?"
"यासीन. सोलकर."
"अरे, तुम! ईद पे बहुत फोन आता था तुम्हारा.
मैं सबको बोला, वो गाँव गया."

आणि त्याने सहा आकडे वाचले,
एकेक, थांबून थांबून,
जसं कुणी परक्याच्या घरातल्या वस्तू
मोजून परत करतं.

अठ्ठावीस हजार पाचशे वीसचे
झाले चौदा हजार दोनशे साठ.
तांबड्या रंगात, अभिनंदनासकट.
चाचांनी चष्मा वर केला, खाली केला.
"अर्धे राहिले म्हणजे
जायचे ठेवले की यायचे?"

नियमांत शोधलं. तसं कुठे दिलं नव्हतं.

प्रिंट काढून दिली. तीस रुपये म्हटले, पन्नास ठेवून गेले.
निळं कार्ड विसरले, की ठेवलं, ठाऊक नाही.
मी त्याने आता काचेवरचा गोंद खरवडते.

संध्याकाळी फोन वाजला, लांबलचक परका नंबर.
"वो चाचा का काम हो गया?"
"हो गया. आधा."
"अच्छा." थोडं थांबून, "कौन सा गाँव है आपका?"
सांगितलं. खाडी आहे, हेही सांगितलं.
"मच्छी का क्या भाव है उधर आजकल?"

मला कुठे ठाऊक.
बाहेर पाटी घेऊन बसलेल्या हिरुबायला विचारलं.
तिने आधी कोण विचारतोय ते विचारलं,
मग दहा रुपये कमी करून सांगितला.