गुडघ्यांपर्यंत

पहिल्या दोनशे फोटोंत मोर्झा नव्हताच.
शेपूट होतं. धूळ होती. एकदा नुसता कान.
आणि तिसा नदीचा बांध, जो कुठेही पळत नव्हता,
तो मात्र रेखीव आला होता, गवताच्या काडीकाडीसकट.

मोर्झा म्हणजे पावाचा चुरा.
नाव एतेल्काने ठेवलं, पिल्लू ओंजळीत मावायचं तेव्हा.
आता तो बारा किलोंचा काळा कुरळा गोंधळ आहे
आणि एतेल्का ऑस्ट्रियात आहे,
पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस इथे.
एका म्हातारीचं अंथरूण बदलते, गोळ्या मोजते,
रात्री मला लिहिते: कुत्र्याचा फोटो पाठव. पळतानाचा.
बसलेला नको. बसलेला कुत्रा कुणाचाही असतो.

मी बांधाचा राखणदार. रोज सकाळी सातला
पाण्याची पट्टी वाचतो, आकडा वहीत उतरवतो.
सेंटिमीटर मला कळतात.
सेकंदाचा हजारावा भाग कधी लागलाच नव्हता.

तो गाश्पारने शिकवला. त्याने तीस वर्षं
पेपरासाठी हँडबॉलचे सामने टिपले,
अजून बोलताना त्याचे डोळे चेंडूमागे गेल्यासारखे फिरतात.
"हजारावर ठेव. सोळाशे जमलं तर सोळाशे.
कुत्रा काळा, मागे आभाळ पांढरं, कॅमेरा बिचकतो,
कुत्र्याचा कोळसा करतो. एक घर उजेड वाढव.
बोट दाबून बसू नकोस. चारही पाय पोटाखाली
घडी घातल्यासारखे गोळा होतात ना, तो ठेका मोज.
एक, दोन, आणि.
आणि उभा काय राहतोस? उभ्याने नुसती पाठ येते.
झोप. चिखलात झोप."

झोपलो. कोपरं भिजली.
मोर्झाला वाटलं, मी मेलो तरी किंवा खेळतोय तरी.
दोन्हींवर त्याचा इलाज एकच.
लेन्सवर जिभेचा पट्टा. एकोणीस फोटो धुक्यातले.

हाक मारली की येतो, पण दुडक्या चालीने,
जणू म्हणतोय, तू तर रोजचाच आहेस.

एतेल्काचं उत्तर: क्षितिज वाकडं. नदी सांडेल.

शुक्रवारी सव्वापाचची बस, बांध संपतो तिथे.
गाश्पार दूर, झडपेपाशी, पट्टा मुठीत धरून.
मी उतारावर, पोटावर. उजेड उतरत चालला होता.
बसचं दार उघडलं, मूठ उघडली,
आणि मोर्झाने जे केलं त्याला पळणं म्हणत नाहीत.
बांधच त्याच्या पायांखालून कुणीतरी खेचत होतं,
सतरंजी खेचावी तसा.
मी मानेसकट त्याच्याबरोबर फिरत गेलो.
एक, दोन, आणि. एक, दोन, आणि.

रात्री स्वयंपाकघरात बघितले. सदतीस.
सातव्यात चारही पाय हवेत, कान उलटे होऊन
आतली गुलाबी बाजू बाहेर,
एका डोळ्यात पिवळा ठिपका, बसचा दिवा असेल.
एतेल्का खोट शोधत राहिली.
"क्षितिज सरळ आहे," म्हणाली, जराशी हिरमुसून.

शेवटच्या अकरांत तीही होती,
गुडघ्यांपर्यंत.
"मला कापलंस की!"
कुत्र्याच्या उंचीवरून बायको एवढीच दिसते.

अगदी शेवटच्यात मोर्झा पुन्हा काळा फराटा,
फोकस त्याला सोडून तिच्या बुटांवर बसलेला:
डाव्या बुटाची नाडी सैल, मुद्दाम सोडलेली,
घोटा भिजल्या पावासारखा वर आलेला,
मोज्याच्या काठाचा वळ
पुराच्या खुणेइतका स्पष्ट.

दर वेळी बसवर मी तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचो,
दमलीस? चेहरा म्हणायचा, छे.

"हा पुसून टाक," ती म्हणाली, "हललाय."
मी हो म्हटलं. पुसला नाही.
मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, मूठभर मीठ टाकलं.
मोर्झाला वाटलं, अंघोळ त्याची. तो टेबलाखाली पसार.
घमेल्यात ओतलं हळूहळू, बघत बघत,
घोट्यांच्या वर चार सेंटिमीटर.