पोच

कारास्को विमानतळाच्या मागच्या खोलीत
घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.
टेबलावर पावती, तीन प्रतींत:
इसम – एक. चष्मा – एक. पट्टा – एक, बक्कल काढलेला.
देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही,
आणि खाली कोपऱ्यात दुभाषी,
म्हणजे मी, नेलिदा शिम्कूस, वय चौऱ्याहत्तर.

विल्नियसहून दोघे आलेत.
थोरल्याचा कोट विमानात चुरगळलाय.
तो रिमविदासला त्याच्याच भाषेत विचारतो,
दुखतंय-खुपतंय काही? गोळ्या चालू आहेत?
रिमविदास माझ्याकडे बघतो.
अकरा वर्षं पायसांदूत बोटींची इंजिनं खोलली त्यानं,
रामोन म्हणून.
आता त्याच्या आईची भाषा मी त्याला
स्पॅनिशमध्ये कालवून भरवते.

गोदाम जाळणं दोन्ही देशांत गुन्हा आहे.
आमच्या कोर्टानं तेवढंच तपासलं, चौदा महिने.
आतला रखवालदार आगीनं मेला की त्याआधीच,
ते तिकडचे बघतील.
आणि लेखी हमी आहे:
ज्या गुन्ह्यासाठी मागितला, खटला तेवढ्याचाच.
बाकीचं सगळं इथंच राहील.
वाण्याची उधारी.
सुल्माला सांगितलेलं खोटं जन्मगाव.
तिच्या पोराला एकदा मारलेली थप्पड,
जिचा उल्लेख तिनं कुठल्याच जबानीत केला नाही.

माझा बाप एकोणतीस साली बोटीनं आला,
सेर्रोच्या खाटीकखान्यात हाडं फोडायला.
मागे काय टाकून आला, कधी बोलला नाही.
फक्त दारू चढली की
एका विहिरीचं नाव घ्यायचा.
त्याला परत मागणारा कागद कुणी धाडला नाही.
ही भाषा मी त्याच्याकडून शिकले,
म्हणून मला आज तासाचे पैसे मिळतात.

सही करताना रिमविदासचा हात थबकला.
"दोनांतलं कुठलं नाव?"
मी भाषांतर केलं.
थोरला म्हणाला, पासपोर्टवरचं.
मी भाषांतर केलं.

येर्बाचा तुंबा विमानात चालत नाही,
त्यातली धातूची नळी तर नाहीच.
पावतीत त्याला रकाना नव्हता.
त्यानं तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला,
आणि कुणी काही विचारायच्या आत
मी पिशवीत टाकला.

तिसऱ्या दिवशी कचेरीत पोच आली:
मिळाला. प्रकृती ठीक.
मी सुल्माला फोन लावला.
ती बराच वेळ गप्प. मागे रेडिओ चालू होता.
मग म्हणाली,
"आतला पाला ओला आहे का अजून?
धुऊ नका. मी येते."