वाटाणा

हार्लेममधला माझा येल्मर, वय नऊ.
खातो चारच गोष्टी.
कंपनीने बिस्किटांच्या पुड्याचा रंग बदलला
तेव्हापासून तीन.

पणजोबा म्हणतात, भूक लागली की खाईल.
युद्धातल्या त्या हिवाळ्यात
आम्ही ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले.

भूक लागतेच हो त्याला.
घसाच आतून कडी लावून घेतो.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या,
भरवू नका. शाबासकीही नको.
एक वाटाणा. आधी टेबलाच्या टोकाला,
मग ताटाशेजारी.
सातव्या आठवड्यात बोटावर.

काल त्याने तो जिभेला लावला,
थुंकला, तोंड पुसलं.
मी पाठ करून भांडी घासत राहिले,
नळ उगाच मोठा सोडून.

पणजोबांनी हळूच विचारलं,
कंदासारखा लागला का रे?
कडू?

येल्मर विचारात पडला.
"हिरवा," म्हणाला.