डबा परत करताना

आठ रुपयाला एक पोळी, तेल लावून नऊ.
दत्तवाडीच्या कोपऱ्यावर माझं दुकान,
पाटीवर 'ऊर्मिला पोळी-भाजी केंद्र'. ऊर्मिला मी नव्हे,
पाटी आधीच्या मालकिणीची. रंगाचे पैसे वाचवले.

त्या रात्री ओढा पुलावरून आला.
सकाळी पाहिलं, पिठाची खालची थप्पी लगदा झालेली,
वरची सात पोती कोरडी.
नशीब म्हणावं की काय, हे ठरवायला वेळ नव्हता.
भिंतीपलीकडच्या शाळेत वस्ती येऊन बसली होती.
चारशे माणसं एकदम गप्प बसली
की त्याचाही आवाज होतो.

मार्केट यार्डातून गुलाब वायदंडे टेम्पो घेऊन आला,
कांदे, बटाटे, दोन गोण्या भोपळे. मीठ विसरला.
जैबुन शिकलगारनं कॅम्पातून भावाचं पातेलं आणलं,
लग्नाच्या बिर्याणीचं, दोघींनी उचलायचं.
"आज वरण शिजेल त्यात. पातेल्याला काय कळतंय!"
फळ्यावर सातवी ब चा सुविचार होता,
तो न पुसता मी खाली आकडा लिहिला:
४१२.

मग गाड्या आल्या.
बिस्किटं आली, आणखी बिस्किटं आली,
बिस्किटांच्या खोक्यांवर बसून पोरं बिस्किटं खायची.
कोथरूडची खिचडी, औंधची खिचडी,
दुपारी खिचडी, रात्री खिचडी,
चौथ्या दिवशी अवघडे आजोबा ताट सरकवून म्हणाले,
"उपकार आहेत बाई. पण जरा झणझणीत काही?"
कुणीतरी फिस्सकन हसलं.
पाणी शिरल्यापासूनचं ते पहिलं हसू.
मी खलबत्ता काढला.

तान्हूबाई खुडे भिंतीकडे तोंड करून बसायची.
तिचं ताट ठेवलं तसं राहायचं.
पाचव्या दिवशी उठली,
माझ्या हातातली परात ओढून घेतली,
म्हणाली, "बाजरी हाय का?"
नव्हती. जैबुननं आणली, कुठून ते विचारलं नाही.
भाकरी थापल्याचा आवाज व्हरांड्यातून पार गेला
आणि पोरं खोक्यांवरून उतरली.
पहिल्या भाकरीला पापुद्रा सुटला तशी
तिनं ती स्वतःच खाल्ली,
उभ्यानं, कोरडी, कुणाकडं न बघता.

नवव्या दिवशी गाड्या थांबल्या.
साहेब आले. "पाणी ओसरलंय, सोमवारपासून शाळा भरणार."
ओसरलं साहेब, खरंय.
पण हातावर पोट असलेल्यांचे हात अजून गाळात आहेत.
गुलाबच्या भावाची हातगाडी वाहून गेली,
कुणाचं शिलाई मशीन चिखल ओकतंय,
धुण्याभांड्याच्या बायकांना
आपलीच भांडी सापडत नाहीत.
पूर ओसरला की भूक ओसरते,
हे कोणत्या परिपत्रकात आहे?
एवढं सगळं मी बोलले नाही. चहा दिला.
फळ्यावर तेव्हा ३८६ होते.

पुढे दुकानातूनच चालवलं.
आठची पोळी चारला, चारची उद्यावर.
वहीत 'येणे' असा रकाना आखला.
जैबुन म्हणाली, फाडून टाक.
मी फाडला नाही, मलाही भाडं आहे.
काहींनी दिले. काहींचे अजून यायचेत.
वही कुठे ठेवलीय, ते मी सध्या शोधत नाही.

भोगीच्या सकाळी तान्हूबाईचा नातू आला,
हातात स्टीलचा डबा, झाकणाला पोचा.
तीळ लावलेल्या दोन भाकऱ्या, भोगीची भाजी,
तिच्या स्वतःच्या शेगडीवरची.
रिकामा डबा परत द्यायचा नसतो,
म्हणून दुसऱ्या दिवशी मी गूळपोळ्या घातल्या.
तिनं वालाची उसळ पाठवली.
मी लोणचं.
डबा तिचा, पण मुक्काम माझ्याकडेच जास्त.

आता पिठाची दोन पोती मी माळ्यावर ठेवते.
मिठाची एक पिशवी, काडेपेटी, खलबत्ता.
जास्त ठेवलं असतं,
माळा तेवढंच पेलतो.