बिलावर काय लिहू

पारोळा रोडला टायरवाल्याच्या शेजारी माझं पत्र्याचं दुकान.
ऑटो इलेक्ट्रिकल. पाटीवरचा शेवटचा 'ल' मागच्या वादळात गेला,
तो गेला तो गेलाच.

मे महिना. उन्हात पडलेला पाना उचलला तर तळहात भाजतो.
चांदी रंगाची गाडी आली, एमएच अठरा, पेट्रोल,
काचेवर सोनगीरच्या आरोग्य केंद्राचा पास.
ज्योत्स्ना बोरसे, सिस्टर. मागच्या सीटवर लसींचा निळा डबा.
म्हणाल्या, "दादा, हाऊ दिवा काय सांगस?"

मीटरमध्ये पिवळं चित्र,
विहिरीवरच्या मोटारीसारखं, पाइप काढून नेलेल्या.
बघतो, म्हटलं. पण नाकाला आधीच कळलं होतं.
अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास,
डोळ्याच्या कडेला झोंबतो तो,
आतली जाळी गेलेल्या गाडीचा.

गोणपाट टाकून खाली शिरलो.
सायलेन्सरच्या पोटावर वेल्डिंगची शिवण,
कोणी चिरून, आतडं काढून, परत टाके घातलेली.
वायर धरून धरून मागच्या सेन्सरपर्यंत गेलो
आणि तिथे
हिरवी स्लीव्ह.
तीन पीळ उजवीकडे, एक उलटा.

असा पीळ धुळ्यात एकच माणूस देतो.

हर्षल. जिनिंगवाल्या आप्पांचा लहाना.
त्याला आवाज पाहिजे होता,
देवपूरच्या पुलावर माणसं वळून बघतील असा.
मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी
मालेगावच्या भंगारवाल्याने औषधाच्या काट्यावर तोलून नेली.
मग दिवा लागला,
सेन्सर बोंबलायला लागला की मागे काहीच नाही.
मी एक रेझिस्टर घातला, एक कपॅसिटर,
दोन कट चहाच्या किमतीचं सामान. घेतले आठशे.
सेन्सरला शिकवलं, बरं आहे म्हण.
म्हणत राहिला बिचारा. चार वर्षं. तीन मालक.
पंपावरचा पीयूसीवालासुद्धा पावती फाडत गेला,
नंबर प्लेटचा फोटो स्वच्छ आला की त्याचं काम झालं.

या उन्हाळ्यात सोल्डर सुटलं. एवढंच.

पडल्या पडल्या हिशेब केला. दोन मिनिटांचं काम,
सोल्डरगन तापलेलीच होती.
गाडीच्या कडेखालून सिस्टरच्या चपला दिसत होत्या,
टाचेला झिजलेल्या.
अयाजने दिलेलं पाणी उभ्यानेच पीत होत्या त्या.
खोकल्या.
धुळीनेही असेल.

बाहेर आलो. हात पुसायला लागलो ते पुसतच राहिलो.
सांगितलं सगळं, हर्षलचं, जाळीचं, आठशेचं नाही सांगितलं.
त्यांनी माझ्या हातातला बोळा बघितला, मग मला.
"तुमना हात शे का हाऊ?"
"माझाच."

नव्या जाळीची किंमत सांगितली.
पर्स उघडली नाही त्यांनी,
अंगठ्याने बोटांची पेरं मोजत दिवाळीपर्यंत गेल्या,
तिथे थांबल्या.
"मंग पेटेल ऱ्हाऊ द्या."

म्हटलं, लोक म्हणतील दिवा लागलाय.
"लागेलच शे ना," म्हणाल्या.

पुन्हा खाली गेलो. तो तुकडा कापला, वायर सरळ जोडली.
हिरवी स्लीव्ह खिशात टाकली, का ते माहीत नाही,
घरी बायकोने धुताना काढून विचारलं तर सांगता येणार नाही.

गाडी नगावच्या बाजूने गेली.
वास थोडा वेळ दुकानातच बसून राहिला, गिऱ्हाइकासारखा.

अयाज बिलबुक घेऊन उभा. "उस्ताद, काय लिहू?"
लिही, म्हटलं, दिवा. चालू केला.
"आणि पैसे?"
घेतलेत.
"कधी?"

मागे एका पिकअपचा हॉर्न कधीचा अडकून वाजत होता.
मी टेस्टर उचलला.