फाटक लावणारा

सरकारचं पत्र वर्षातून दोनदा यायचं, खाकी पाकिटात:
मेंढ्या बुडवा, तारीख कळवा.
हवालदार एल्विन घड्याळ घेऊन यायचा
आणि हौदापासून चार पावलं लांब,
वारा जिथून येतो त्या अंगाला उभा राहायचा.
बुटांवर शिंतोडे नकोत म्हणून असेल.

मेंढीमागे एक मिनिट. डोकं दोनदा खाली.
ताद काठीच्या आकड्यानं मान दाबायचा
(ताद म्हणजे बाप, आमच्या वेल्समध्ये)
आणि ती वर यायची दुधाळ पाण्यातून,
खोकत, डोळे मिटून,
आणि अंग झाडायची ते त्याच्याच अंगावर.
स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
त्याच हातांनी चहा, त्याच हातांनी मनुकांचा पाव.
डब्यावर बारीक अक्षरांत काहीतरी होतं, इंग्रजीत.
ताद इंग्रजी वापरायचा ते फक्त लिलावाच्या दिवशी.

मी कुंपणावर बसून मोजायची:
ईन, दाय, त्री, पेद्वार...
वीस झाल्या की एक खडा खिशात.

रात्री घरभर वास. लसूण आणि रॉकेल
यांच्या मधला कुठलातरी.
तादच्या तोंडाला पाणी सुटायचं, भूक नसताना.
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
एक पापणी आपली आपण फडफडायची.
डोळा काय मारतोस, आई म्हणायची.
डॉक्टर म्हणाले, फ्लू.
दर सप्टेंबरात, हौदाच्या दुसऱ्याच दिवशी येणारा
वक्तशीर फ्लू.

आता मी बँगोरच्या इस्पितळात रक्तं तपासते.
नसेच्या टोकाशी एक निरोप सुटतो: आवळ.
स्नायू आवळतो.
निरोप पोचला न पोचला
तोच एक एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं,
मेंढरू आत गेलं की फाटक लावून घेणाऱ्या पोरासारखं.
सेकंदाला हजारो वेळा.
कुणी त्या पोराला शाबासकी देत नाही.

औषध येतं आणि त्याचा हात धरतं.
बस्स, तेवढंच. आरडाओरडा नाही, मारामारी नाही.
हात धरून उभं राहतं.
फाटक सताड.
आवळ, आवळ, आवळ,
डोळ्याला, आतड्याला, छातीतल्या नळ्यांना,
ज्यांना झोपायचं होतं त्या सगळ्यांना.
वेळ गेला की पकड मुरते, मग सुटत नाही.
शरीरानं नवा पोरगा घडवायचा
आणि तोवर कळ काढायची.

खरजेच्या किड्यातही हेच फाटक, असाच पोरगा.
म्हणून तर औषध लागू पडतं.
मेंढीवर कोण आहे आणि मेंढीमागे कोण,
हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एकदा मी तादचं रक्त तपासलं, कुणाला न विचारता.
आकडा ठीक. अगदी ठीक.
पंधरा वर्षांनी ठीकच येणार,
एन्झाइम कधीच नवं झालेलं,
मागचं त्याला काय माहीत.
तो कागद मी घडी करून खिशात ठेवला
आणि तीन दिवस तोच कोट घातला.

सक्ती उठली तेव्हाही खाकी पाकीटच आलं.
आईनं ते बिलांच्या तारेला टोचून ठेवलं, विजेच्या बिलावर.
एल्विन अजून चॅपलमध्ये भेटतो.
कसा आहेस इद्वल, विचारतो.
ताद त्याला हवामान सांगतो.

आमच्या भाषेत अकराला म्हणतात दहावर एक.
तो दहावरचा एक तादला सापडत नाही.
दहापर्यंत नीट येतो, मग थबकतो,
मेंढ्यांकडे बघतो जणू त्यांनी सांगावं,
आणि पुन्हा ईनपासून.
कुत्रा मेला तरी नव्या कुत्र्याला मॉटच म्हणतो,
मधल्या कुत्रीलाही म्हणायचा, ती यायची बिचारी.

फाटकं मात्र लावतो.
रात्री उठतो, झोपायच्या कपड्यांवर, पायात आईचे बूट,
विहिरीच्या शेताची कडी वाजते.
परत येतो. परत जातो.
कडी.
मी खिडकीत उभी राहून मोजते,
दहा झाले की तो मान वर करून बघतो,
आणि मीही गप्प राहते.